लाभांश ५०६ टक्के, हाती टक्काभरही नाही

दहिसर पूर्वहून मेट्रो ७ ने निघालं की वाटेत आकुर्ली स्थानक लागतं. त्याच आकुर्ली रोडवर महिंद्रा अँड महिंद्राचा कांदिवलीचा जुना कारखाना आहे. शेवटच्या गुंदवलीला उतरून चकाला-महाकालीच्या बाजूला वळलं की हिंदुस्थान युनिलिव्हर, कॅस्ट्रॉल इंडिया आणि वेदांता या तिघांचे पत्ते रिक्षाच्या अंतरावर सापडतात. रावळपाड्यात, अशोकवनात किंवा पश्चिमेला कांदरपाड्यात ज्या घरात डिमॅट खातं आहे, तिथे या चारांपैकी एखाद्या कंपनीचे दहा-वीस शेअर निघाले तर नवल वाटायला नको. कुणी नोकरीच्या दिवसांत घेतलेले, कुणाला वडिलांकडून आलेले, तर कुणी टाळेबंदीत घरबसल्या मोबाइलवर खातं उघडून घेतलेले.

या घरांपर्यंत वर्षातून एकदोनदा बातमी पोचते ती अशी: अमुक कंपनीचा ५०६ टक्के लाभांश!

आकडा खोटा नाही. ५ मे २०२५ रोजी महिंद्रा अँड महिंद्राच्या संचालक मंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी शेअरमागे २५ रुपये ३० पैसे लाभांशाची शिफारस केली. शेअरचं दर्शनी मूल्य ५ रुपये. पाचावर २५.३० म्हणजे ५०६ टक्के, हिशेब चोख. पण पाच रुपयांना हा शेअर देतंय कोण? त्या दिवसांत बाजारात त्याचा भाव तीन हजारांच्या आसपास होता. २५.३० ला ३,००० ने भागून शंभराने गुणलं की उत्तर येतं ०.८४. पुरता एक टक्काही नाही.

हा दुसरा हिशेब म्हणजे डिव्हिडंड यील्ड, लाभांश परतावा. एका इक्विटी शेअरवर वर्षभरात मिळालेला एकूण लाभांश भागिले त्या शेअरचा आजचा बाजारभाव, गुणिले शंभर. शाळकरी पोरालाही जमेल असा भागाकार. तरीही शेअर बाळगणाऱ्या कितीतरी घरांत तो कधी केलाच जात नाही, कारण बातमीत त्याची जागा दर्शनी मूल्यावरच्या टक्केवारीने आधीच अडवलेली असते. ही टक्केवारी सांगणं कंपन्यांनी, छापणं वर्तमानपत्रांनी आणि ऐकून हुरळून जाणं गुंतवणूकदारांनी आता बंद करायला हवं.

ती आली कुठून, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. एके काळी ती खरोखरच उपयोगाची होती. १९९२ पर्यंत शेअर कोणत्या भावाने विकायचा हे कंपनीच्या हातात नसे. दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचा अधिकारी बसे, भाव तिथून मंजूर होऊन येई. नव्या कंपन्यांचे शेअर बहुधा दर्शनी मूल्यालाच, दहा रुपयांना मिळत. १९७३ च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपन्यांमधला आपला वाटा कमी करावा लागला, तेव्हा त्यांचेही शेअर मध्यमवर्गाच्या हाती बऱ्याच कमी भावात आले. दहाचा शेअर दहालाच घेतला असेल, तर २० टक्के लाभांश म्हणजे दोन रुपये आणि पैशावरचा परतावाही २० टक्केच. दोन्ही आकडे एकच. गिरगाव-दादरहून पुढे दहिसर-बोरिवलीत राहायला आलेल्या पिढीच्या डोक्यात हेच गणित बसलेलं आहे, आणि त्यात त्या पिढीचं काही चुकलेलं नाही.

चुकलं ते नंतर. १९९९ मध्ये सेबीने दहा किंवा शंभर रुपयांच्या दर्शनी मूल्याचं बंधन काढून टाकलं. कंपन्यांनी शेअरचे तुकडे केले. कुणाचं दर्शनी मूल्य पाच झालं, कुणाचं दोन, कुणाचं एक. बाजारभाव तर दर्शनी मूल्याला केव्हाच मागे टाकून गेले होते. ज्या पायावर टक्केवारी उभी होती तो पायाच गेला, टक्केवारी मात्र राहिली.

तिच्या भरवशावर कंपन्यांची तुलना केली तर काय घोटाळा होतो, ते चकाल्यातच पाहता येतं. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२४-२५ साठी एकूण ५३ रुपये लाभांश दिला. दर्शनी मूल्य १ रुपया, म्हणजे ५,३०० टक्के. कॅस्ट्रॉलचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२४ साठी तिचा लाभांश १३ रुपये, दर्शनी मूल्य ५, म्हणजे २६० टक्के. वाचणाऱ्याला वाटेल, युनिलिव्हरने कॅस्ट्रॉलच्या वीसपट दिलं. आता भाव मांडा. युनिलिव्हर २०२५ च्या एप्रिलअखेरीस २,३०० च्या आसपास, म्हणजे परतावा २.३ टक्के. कॅस्ट्रॉल त्या वर्षाच्या सुरुवातीला दोनशेच्या आसपास, म्हणजे परतावा साडेसहा टक्के. वीसपट सोडाच, उलट कॅस्ट्रॉलचाच परतावा जवळजवळ तिप्पट.

आणखी एक नमुना चेन्नईचा. जून २०२३ मध्ये एमआरएफचा शेअर एक लाख रुपयांच्या वर गेला. भारतात असं पहिल्यांदाच घडलं. त्या वर्षीचा कंपनीचा अंतिम लाभांश १६९ रुपये, म्हणजे दहाच्या दर्शनी मूल्यावर १,६९० टक्के. तीन-तीन रुपयांचे दोन अंतरिम लाभांश धरून वर्षाचे झाले १७५ रुपये. लाखाच्या शेअरवर पावणेदोनशे रुपये! बचत खात्याचं व्याजसुद्धा यापेक्षा बरं.

गंमत अशी की याविरुद्धचा नियम आधीपासून आहे. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतला ४३ वा नियम स्पष्ट सांगतो की कंपनीने लाभांश फक्त 'प्रति शेअर' याच पद्धतीने जाहीर करायचा. कंपन्या तसं करतातही. रुपये लिहितात, आणि पुढे कंसात टक्केवारी टाकतात. नियम पाळला गेला, मिरवूनही झालं. बातमीचा मथळा बहुतेकदा त्या कंसातूनच उचलला जातो, कारण २५ रुपयांपेक्षा ५०६ टक्के हे मथळ्यात जास्त भारदस्त दिसतं.

म्हणजे भागाकार केला की प्रश्न मिटला? नाही. भागाकार सोपाच आहे. मेख आहे ती वर कोणता आकडा घ्यायचा आणि खाली कोणता, यात. मोबाइलवरची ॲप हा परतावा आयता दाखवतात, पण ती मागच्या बारा महिन्यांत मिळालेला सगळा लाभांश सरसकट वर ठेवतात. त्यातलं पुन्हा काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा विचार ॲप करत नाही.

कॅस्ट्रॉलचेच १३ रुपये उलगडून पाहू. साडेतीन रुपये अंतरिम, साडेनऊ रुपये अंतिम. त्या साडेनऊत साडेचार रुपये 'विशेष लाभांश' होते. विशेष म्हणजे एकदाच दिलेले. पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. ते वजा केले तर उरतात साडेआठ, आणि दोनशेच्या भावावर परतावा साडेसहावरून सव्वाचार टक्क्यांवर येतो. युनिलिव्हरच्या ५३ मध्येही १० रुपये विशेष होते. ते काढले की २.३ चे होतात १.९. निवृत्तीनंतर महिन्याचा खर्च लाभांशावर भागवू पाहणाऱ्यासाठी साडेसहा आणि सव्वाचार यातला फरक लहान नाही. दहा लाखांवर वर्षाचे साडेबावीस हजार होतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ एकोणीसशे.

याच चुकीचं मोठं रूप वेदांतात दिसलं. २०२२-२३ या एका वर्षात कंपनीने पाच वेळा अंतरिम लाभांश दिला: साडेएकतीस, साडेएकोणीस, साडेसतरा, साडेबारा आणि साडेवीस. बेरीज १०१ रुपये ५० पैसे. मार्च २०२३ अखेर शेअरचा भाव पावणेतीनशेच्या आसपास होता. परतावा आला ३७ टक्क्यांच्या घरात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज आठ टक्क्यांच्या आसपास असताना बाजारात ३७ टक्के मिळताहेत म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांत चमक येईल.

अशा वेळी एकच गोष्ट तपासायची: कंपनीने मिळवलं किती आणि वाटलं किती. त्या वर्षी वेदांताच्या भागधारकांच्या वाट्याचा एकत्रित नफा साडेदहा हजार कोटींच्या आसपास होता, आणि लाभांशापोटी बाहेर गेले सदतीस हजार कोटींहून जास्त. नफ्याच्या तिपटीपेक्षा अधिक. इतका पैसा का वाहिला, याचं उत्तर चकाल्यात नव्हतं, लंडनमध्ये होतं. वेदांता रिसोर्सेस या मूळ कंपनीवर मोठं कर्ज होतं, आणि इथल्या कंपनीत सर्वांत मोठा वाटा तिचाच असल्याने लाभांशाचा मोठा भागही तिच्याकडेच जात होता. छोट्या भागधारकाला मिळालेला लाभांश हा त्या प्रवाहाचा एक फाटा होता. २०२३-२४ मध्ये वेदांताचा लाभांश २९ रुपये ५० पैशांवर आला. ३७ टक्क्यांच्या आशेने पावणेतीनशेला शेअर घेणाऱ्याला पुढच्या वर्षी मिळाले पावणेअकरा टक्के, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये भाव सव्वादोनशेच्याही खाली उतरलेला पाहावा लागला. न्यायाने बोलायचं तर पुढे २०२४ मध्ये हाच शेअर चारशेच्या वर गेला. ज्याने धीर धरला त्याचं भलं झालं. पण ते भलं भाव वाढल्यामुळे झालं. ज्या ३७ टक्क्यांसाठी शेअर घेतला होता ते काही परत आले नाहीत.

यापेक्षाही अतर्क्य उदाहरण खाडीपलीकडे नवी मुंबईत घडलं. महापेला कार्यालय असलेल्या मॅजेस्को या कंपनीने २०२० मध्ये आपला अमेरिकेतला सगळा व्यवसाय थोमा ब्राव्हो या खासगी गुंतवणूक कंपनीला विकला, आणि आलेला पैसा भागधारकांना वाटून टाकायचं ठरवलं. डिसेंबर २०२० मध्ये शेअरमागे ९७४ रुपये अंतरिम लाभांश जाहीर झाला. पाच रुपयांच्या दर्शनी मूल्यावर ही टक्केवारी होते १९,४८०. लाभांशाआधी शेअर ९८० च्या घरात होता. २३ डिसेंबरला तो एक्स-डिव्हिडंड झाला, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला हा लाभांश मिळणार नव्हता, आणि भाव सरळ बारा-तेरा रुपयांवर आला. ९७४ भागिले १२ असा भागाकार कुणी केला तर परतावा आठ हजार टक्के दिसेल. सूत्र बरोबर, उत्तर निरर्थक. त्या दिवशी बारा रुपयांना शेअर घेणाऱ्याच्या हाती त्या ९७४ मधला एक पैसाही लागणार नव्हता.

मॅजेस्कोत जे उघड्यावर घडलं, तेच प्रत्येक लाभांशात लहान प्रमाणात घडतं. कंपनीच्या तिजोरीतून पैसा बाहेर गेला की कंपनीची किंमत तेवढी घटते, आणि एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी भाव साधारण तेवढ्याने खाली येतो. रोजच्या चढउतारात २५ रुपयांची घट दिसत नाही, ९७४ रुपयांची दिसते, इतकंच. म्हणून एक्स-डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांश खिशात टाकायचा आणि विकून मोकळं व्हायचं, या युक्तीत फारसं काही हाती लागत नाही. ब्रोकरची दलाली आणि लाभांशावरचा कर मात्र लागतो.

खालचा आकडा, म्हणजे भाव, हाही तेवढाच फसवा. परतावा दोन कारणांनी वाढतो: लाभांश वाढला म्हणून, किंवा भाव पडला म्हणून. कोल इंडियाचा शेअर २०१० च्या सार्वजनिक विक्रीत २४५ रुपयांना आला. किरकोळ गुंतवणूकदारांना त्यावर पाच टक्के सूट होती. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तो ११५ च्या आसपास लोळत होता. २०२०-२१ चा लाभांश होता १६ रुपये. परतावा जवळजवळ १४ टक्के. आकडा पाहून कुणी म्हणेल, काय दिलदार कंपनी! प्रत्यक्षात विक्रीच्या वेळी घेतलेल्यांचं निम्म्याहून अधिक भांडवल बुडीत दिसत होतं, आणि त्या बुडीतपणामुळेच परतावा एवढा मोठा वाटत होता. २०२४-२५ मध्ये लाभांश साडेसव्वीस रुपयांवर गेला, भावही चारशेच्या जवळ पोचला, आणि परतावा उतरला पावणेसात टक्क्यांच्या आसपास. परतावा निम्मा झाला आणि भागधारक सुखी झाला. एकट्या परताव्याच्या आकड्यावरून कंपनीची तब्येत ठरवणाऱ्याने हे उदाहरण पाहावं.

सरकारी कंपन्यांच्या लाभांशामागे आणखी एक हात असतो. सर्वांत मोठा मालक केंद्र सरकार, आणि त्याला अर्थसंकल्पासाठी पैसा हवा असतो. सार्वजनिक कंपन्यांनी किमान किती लाभांश द्यायचा याचे निर्देशच अर्थ मंत्रालयाकडून आहेत: नोव्हेंबर २०२४ च्या सुधारणेनुसार नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल ते. त्यामुळे इथला लाभांश खासगी कंपनीपेक्षा जरा भरवशाचा. पण तो भरवसा सरकारच्या गरजेचा आहे, हे विसरू नये.

बोनस शेअरचा गोंधळ वेगळाच. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. त्याआधीचा वार्षिक लाभांश होता १० रुपये, आणि भाव तीन हजारांच्या आतबाहेर. बोनसनंतर शेअर दुप्पट झाले, भाव निम्मा झाला. आता कुणी जुने १० रुपये वर ठेवून खाली नवा तेराशे-चौदाशेचा भाव ठेवला, तर परतावा एकदम दुप्पट दिसतो, पाऊण टक्क्याच्या आसपास. खरा हिशेब पाच रुपयांवर करायला हवा. पुढच्या वर्षी कंपनीने साडेपाच रुपये दिले, तेव्हा 'दहावरून साडेपाचवर घसरला' अशी समजूत करून घेणारेही असतील. घसरला कुठे? वाढलाच होता.

भावाबाबतचा सगळ्यांत घरगुती वाद मात्र 'माझा भाव' आणि 'आजचा भाव' यांच्यातला. समजा, कांदिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या दहिसरच्या एका गृहस्थांनी मार्च २०२० च्या पडझडीत महिंद्राचे ४०० शेअर तीनशे रुपयांनी घेतले. गुंतवणूक १ लाख २० हजार. २०२५ चा लाभांश १०,१२० रुपये. ते अभिमानाने सांगतील, आपल्याला साडेआठ टक्क्यांच्या जवळपास पडतात; आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या खरेदीभावावर परतावा तेवढाच येतो. मात्र तीन हजारांच्या भावाने त्या शेअरची किंमत बारा लाख होते. आज ठेवायचे की विकायचे हे ठरवताना प्रश्न असा की हे बारा लाख दुसरीकडे ठेवले तर काय मिळेल. बारा लाखांवर १०,१२० म्हणजे तेच ०.८४ टक्के. साडेआठ टक्के ही त्यांनी पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाची शाबासकी आहे, आजच्या निर्णयाला तिचा उपयोग नाही.

इथे कुणी घाईने म्हणेल, मग विकून टाका आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांवर ठेवा. तेही तितकं सरळ नाही. पाच वर्षांत तीनशेचे तीन हजार झाले ते लाभांशामुळे नव्हे. कंपनीने नफ्याचा मोठा भाग न वाटता नव्या गाड्यांत, कारखान्यांत, धंद्यात घातला, आणि बाजाराने त्याला किंमत दिली. कमी परतावा म्हणजे वाईट कंपनी, असं समीकरण मांडणंही ५०६ टक्क्यांवर हुरळण्याइतकंच भाबडं. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचा मिळून परतावा अलीकडे सव्वा टक्क्याच्या आसपास घुटमळतो. या बाजारात लाभांश हा मुख्य कमाईचा भाग नाही, हेच त्यातून दिसतं. ज्याला दरमहा ठरावीक रक्कम हवी त्याची गरज वेगळी, ज्याला दहा वर्षांनी मोठी रक्कम हवी त्याची वेगळी. परताव्याचा आकडा दोघांनाही लागतो, पण वेगवेगळ्या प्रश्नासाठी.

आणि कर? तो वजा केल्याशिवाय कुठलाही परतावा पुरा होत नाही. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वाटप कर कंपनीच भरत असे आणि सामान्य भागधारकाच्या हाती येणारी रक्कम करमुक्त असे. १ एप्रिल २०२० पासून ती पद्धत बदलली. लाभांश आता इतर उत्पन्नासारखा आपापल्या कर टप्प्यात जातो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला कोल इंडियाचे पावणेसात टक्के उपकरासह हिशेब केला तर साडेचार टक्क्यांच्या थोडेसेच वर पडतात. उलट २०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, त्यामुळे बऱ्याच निवृत्तांचा लाभांश पूर्ण त्यांच्या हाती राहतो. पण एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांहून जास्त लाभांश झाला की दहा टक्के उगमस्थानी कापले जातात. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांचे १०,१२० रुपये ही मर्यादा जेमतेम ओलांडतात, आणि १,०१२ रुपये कापून उरलेले खात्यात जमा होतात. कर लागू नसल्याचं स्वयंघोषणापत्र वेळेवर दिलं तर कापणी टळते. नाही दिलं तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मागायचा. अनेक जण हजार रुपयांसाठी कोण खटपट करणार म्हणून सोडून देतात. एक टक्क्याहून कमी परताव्यातले हजार रुपये सोडणं म्हणजे लाभांशाचा दहावा हिस्सा सोडणं.

जुन्या कागदी शेअरवाल्यांची अवस्था तर याहून वाईट, कारण त्यांच्या बाबतीत भागाकारात वर ठेवायला आकडाच नसतो. पूर्वी लाभांशाचं वॉरंट टपालाने घरी येई. घर बदललं, चाळ पाडून इमारत झाली, बँकेच्या शाखेचं विलीनीकरण झालं, वडील गेले, आणि वॉरंट कुठे जातं ते कुणाला कळेना. सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो, आणि सलग सात वर्षं कुणी दावा केला नाही तर पाठोपाठ शेअरही तिकडेच जातात. कागदी शेअरचा लाभांश १ एप्रिल २०२४ पासून फक्त थेट बँक खात्यातच मिळतो, तोही पॅन, पत्ता आणि खात्याची माहिती नोंदवलेली असेल तरच. या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या रजिस्ट्रारांपैकी एकाचं, पूर्वीच्या लिंक इनटाइमचं, कार्यालय विक्रोळीलाच आहे. ज्यांच्या कपाटात अजून पिवळे पडलेले शेअर सर्टिफिकेट आहेत, त्यांनी परताव्याचा हिशेब करण्याआधी हे काम उरकावं.

राहता राहिला प्रश्न, हे बदलायचं कुणी. सेबीला नव्याने काही शोधायची गरज नाही. म्युच्युअल फंडांच्या 'डिव्हिडंड' योजनांबाबत तिने हे करून दाखवलं आहे: गुंतवणूकदाराचेच पैसे त्याला परत मिळत असताना ते नफा म्हणून मिरवू नयेत, म्हणून १ एप्रिल २०२१ पासून त्या योजनांचं नावच बदलायला लावलं. शेअरच्या बाबतीत तर ४३ वा नियम आहेच. त्यात दोनच गोष्टींची भर घालावी. दर्शनी मूल्यावरची टक्केवारी कंसातही देऊ नये. आणि लाभांशाच्या घोषणेसोबत आदल्या दिवशीच्या बंद भावावरचा वार्षिक परतावा, विशेष लाभांश धरून आणि वगळून, असा दोन्ही तऱ्हेने द्यावा. मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना लाभांश धोरण जाहीर करणं बंधनकारक आहेच. ज्या कंपनीला धोरण लिहिता येतं तिला दोन भागाकारही करता येतील.

मराठी वर्तमानपत्रांच्या अर्थपानाने मात्र सेबीची वाट पाहू नये. लाभांशाच्या बातमीत रुपये, भाव आणि परतावा हे तीन आकडे एका ओळीत मावतात. मथळ्यातून टक्केवारी काढण्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि जोवर ती मथळ्यात आहे, तोवर वाचकांनी बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत: शेअरमागे किती रुपये, आणि आज तो शेअर मिळतोय कितीला?